किल्ल्यांच्या जुडग्यातली बॅटरी

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले आणि रायगड जिल्ह्यात विजेचे खांब ओळीने आडवे झाले. रोहा, तळा, माणगाव, म्हसळा, मुरूड, श्रीवर्धन या भागांतली कित्येक गावे पुढे बरेच दिवस अंधारात राहिली. मोबाइलचे टॉवर बंद पडले. घराघरातले इन्व्हर्टर पहिली रात्र चालले आणि मग तेही थंडावले. कौले उडालेल्या घरात तांदळाचा डबा कुठे सरकवायचा, पाणी कुठून झिरपते आहे, पडवीत सळसळले ते काय, हे सगळे बघायला हाताशी असेल तो उजेड वापरायचा होता.

भिऱ्याचे टाटांचे जलविद्युत केंद्र १९२७ सालचे. मुळशी धरणाचे पाणी तिथे जनित्रे फिरवते आणि कुंडलिका नदीतून रोह्याकडे वाहते. वीज इतक्या जवळ तयार होते, पण घरात ती तारांवरून येते आणि तारा खांबांवर असतात. खांब पडले की सगळा हिशेब घरातल्या सेलांवर येऊन थांबतो. म्हणून कीचेनच्या बॅटरीची चौकशी करायची तर आधी तिच्या पोटातल्या सेलाची करावी. दिवा किती झगझगतो हा प्रश्न त्यानंतरचा.

पेणच्या एसटी स्थानकाच्या आसपास किंवा रोह्याच्या बाजारपेठेत मोबाइलची कव्हरे, कुलपे आणि कंगवे यांच्या शेजारी या बॅटऱ्या पुठ्ठ्यावर टोचून टांगलेल्या असतात. सगळ्यात स्वस्त ती चपटी, प्लास्टिकची, दोन बोटांत दाबली की पेटणारी. दुसरी बोटाएवढी ॲल्युमिनियमची नळी, शेपटीला बटण. तिसरी जरा जाड, रिमोटच्या सेलावर चालणारी. आणि गेल्या काही वर्षांत सगळीकडे दिसू लागलेली चौथी, चौकोनी, पिवळ्या पट्टीच्या दिव्याची, यूएसबीवर चार्ज होणारी, पाठीला लोहचुंबक आणि कडेला बाटलीचे टोपण उघडायची खाच असलेली.

चपटीच्या फटीत नख घातले की तिचे दोन भाग सुटतात. आत एक एलईडी, त्याच्या तारेसारख्या दोन तंगड्या आणि त्या तंगड्यांमध्ये अडकवलेला गोल सेल. एक तंगडी सेलाच्या एका बाजूला कायम टेकलेली, दुसरी किंचित वर उचललेली. कवच दाबले की तीही टेकते आणि दिवा लागतो. बहुतेक स्वस्त नमुन्यांत स्विच म्हणून वेगळा भाग नसतो आणि प्रवाह आवरणारा रोधही नसतो. तरी एलईडी जळत नाही, कारण त्या छोट्या सेलाचा अंतर्गत रोधच प्रवाहाला लगाम घालतो. इतक्या कमी भागांत इतके काम करून घेणारे यंत्र घरात दुसरे सहसा सापडत नाही, आणि ज्याने ही मांडणी पहिल्यांदा केली त्याचे कौतुक करावे तेवढे थोडे.

सेलावरचा आकडा वाचायला शिकले की दुकानात फसगत टळते. सीआर २०३२ यातला सी म्हणजे लिथियम आणि मँगनीज डायऑक्साइडची जोडी, आर म्हणजे गोल, २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. व्होल्टेज ३. सीआर २०१६ त्याच्या निम्म्या जाडीचा, तोही ३ व्होल्टचा. म्हणजे २०१६चे दोन सेल एकावर एक ठेवले तर ते २०३२च्या जागेत नेमके बसतात, पण व्होल्टेज ६ होते. काही बॅटऱ्या मुळातच दोन सेलांसाठी बनवलेल्या असतात. त्यांत एकच २०३२ घातला तर उजेड मिणमिणता पडतो, आणि एका सेलाच्या बॅटरीत दोन घातले तर एलईडी लवकर मरतो. जुना सेल काढताना एक होता की दोन, हे बघून ठेवावे. नळीवाल्या बॅटरीत बहुधा एलआर ४४ किंवा एलआर ४१ हे अल्कलाइन बटन सेल तीन-चार एकावर एक रचलेले असतात. घड्याळवाल्यांकडे तेच एजी १३ आणि एजी ३ या नावांनी मिळतात.

सीआर २०३२ची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास, पण ती हळूहळू घेतली तर. हा सेल घड्याळ, वजनकाटा, गाडीची रिमोट किल्ली अशा थेंबाथेंबाने पिणाऱ्या यंत्रांसाठी घडवलेला आहे. एलईडीने त्यातून एकदम जास्त प्रवाह ओढला की व्होल्टेज खाली बसते. म्हणून नवी बॅटरी पहिली काही मिनिटे लखलखते, मग मंदावते आणि त्या मंद उजेडावर तासन्‌तास तग धरते. बंद करून ठेवली की सेल थोडा सावरतो आणि पुन्हा लावल्यावर ती काही काळ तेजदार वाटते. कुलपाचे भोक शोधणे, स्कूटरच्या डिकीत काही चाचपणे, माळ्यावर चढणे ही तिची कामे. पहिल्या पावसात चढणारे वलगणीचे मासे पकडायला किंवा खारबंदिस्तीच्या बांधावर उघाडी, म्हणजे पाण्याची झडप, बघायला रात्री निघणाऱ्याने ती भरवशाला नेऊ नये. तिथे मोठी बॅटरीच हवी.

हे दिवे मुळात शक्य झाले ते जपानमुळे. तांबडे आणि हिरवे एलईडी आधीपासून होते, पण निळा नीट साधत नव्हता. १९९३ साली निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी तेजस्वी निळा एलईडी करून दाखवला. निळ्यावर पिवळ्या प्रकाशाच्या भुकटीचा थर दिला की पांढरा उजेड मिळतो, आणि असे पांढरे एलईडी १९९६च्या सुमारास बाजारात आले. इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि नाकामुरा यांना २०१४चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले ते निळ्या एलईडीसाठी. त्याआधीच्या छोट्या बॅटऱ्यांत तारेचा बल्ब असे. त्यातली बहुतेक ऊर्जा उष्णतेत जाई आणि सेल बघता बघता संपे.

पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात, रिमोटचा सेल देतो दीड. म्हणून तिसऱ्या प्रकारच्या बॅटरीत व्होल्टेज वाढवणारा छोटा सर्किट बोर्ड असतो. सेल बराच उतरला तरी तो त्यातून उरलासुरला जीव ओढून घेतो. हा सेल १०.५ मिलिमीटर जाड आणि ४४.५ मिलिमीटर लांब. चांगला अल्कलाइन असेल तर त्यात २०३२च्या दुपटीहून अधिक ऊर्जा मावते. शिवाय तो कोणत्याही वाडीवरच्या किराणा दुकानात मिळतो, नाहीतर घरातल्या रिमोटमधून काढून घेता येतो. वादळानंतरच्या चौथ्या रात्री याला मोल आहे.

मात्र कोकणच्या हवेत या सेलाचे एक दुखणे आहे. दुकानात ‘रिमोटचा सेल’ मागितला की बहुधा झिंक-कार्बनचा मिळतो. त्यात जस्ताचे डबडेच रसायनात भाग घेते. वापरता वापरता ते पातळ होते आणि फुटून पाझरते. अल्कलाइन सेलही उतरलेल्या अवस्थेत वर्षभर पडून राहिला तर पाझरू शकतो. त्यातले पोटॅशियम हायड्रॉक्साइड हवेशी मिसळून पांढरी खपली धरते आणि स्प्रिंग खाऊन टाकते. लवकर लक्षात आले तर कापसाच्या बोळ्यावर लिंबाचा रस घेऊन ती खपली पुसता येते, मग नीट वाळवायचे. जुना आणि नवा सेल एकत्र घालणे हे पाझरण्याचे नेहमीचे कारण. एका सेलाच्या बॅटरीत ती भीतीच नाही. पैसे थोडे जास्त मोजायची तयारी असेल तर त्याच आकाराचा दीड व्होल्टचा लिथियम सेल घ्यावा. तो वजनाला हलका असतो, सहसा पाझरत नाही, आणि वीस वर्षे टिकतो असे बनवणारे सांगतात.

यूएसबीवाल्या बॅटरीचा उजेड या सगळ्यांत मोठा आहे आणि रोजच्या वापराला ती उत्तम. पण आतला सेल बदलता येत नाही. सहा महिने खणात पडून राहिली की ती उतरू शकते आणि पार उतरलेली लिथियम-आयन बॅटरी पुन्हा चार्ज होईलच असे नाही. वीज गेल्यावर तर चार्ज करायची सोयच उरत नाही. फोनच्या टॉर्चचेही तसेच. तो चांगला आहे, पण वादळात फोनची चार्जिंग निरोपासाठी राखायची असते, आणि भर पावसात शिडीवर चढताना तो हातात धरायचा म्हणजे हात आणि फोन दोन्ही धोक्यात. पेण-रोह्याच्या माणसाने किल्ल्यांना एकच दिवा लावायचा तर रिमोटच्या सेलाचा लावावा, आणि तो पिळून पेटणारा असावा. बटणवाला दिवा खिशात किल्ल्यांच्या दाबाने लागून राहतो आणि हवा तेव्हा रिकामा निघतो.

या दिव्यांकडून एक काम मात्र घेऊ नये. पेण तालुक्यात हमरापूर, जोहे अशा गावांत गणपतीच्या मूर्तींचे कारखाने आहेत आणि मूर्तीच्या डोळ्यांची आखणी हे तिथले सर्वांत नाजूक काम. स्वस्त पांढऱ्या एलईडीच्या उजेडात तांबडा भाग कमी असतो. त्यात अंगाचा रंग फिका दिसतो, पीतांबराचा पिवळा हिरवट भासतो. रेष दिसेल, रंग कळणार नाही. रंग पाहायला दिवसाचा उजेड किंवा रंग खरे दाखवणारा दिवाच हवा.

आणि एक धोका, जो प्रत्येक घरात सांगितला गेला पाहिजे. २० मिलिमीटरचा लिथियम सेल लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर ओलाव्यातून वीज वाहू लागते, सेलाच्या ऋण बाजूला तीव्र क्षार तयार होतो आणि दोन तासांत आतला भाग खोल भाजू शकतो. सेल जुना, दिवा लागत नाही असा असला तरीही. मुलाला उलटी करवू नये, तडक रुग्णालयात न्यावे आणि एक्स-रे काढायला सांगावा. मूल एक वर्षाहून मोठे असेल, सेल गेल्या बारा तासांत गिळलेला असेल आणि मुलाला गिळता येत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, असा अमेरिकेतल्या विषबाधा केंद्राचा सल्ला आहे. मधासाठी निघायला उशीर मात्र करू नये. ज्या घरात रांगते मूल आहे तिथे नख घालून उघडणारी चपटी बॅटरी नकोच. स्क्रूने बंद होणारी घ्यावी. काढलेल्या सेलाच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावावी, म्हणजे तो नाण्यांना लागून तापत नाही.

याच पुठ्ठ्यांवर कधी कधी जांभळा उजेड देणारी बॅटरी दिसते. बाजारात ती नोटा तपासायला घेतात. खऱ्या नोटेवरचे क्रमांक आणि कागदातले बारीक तंतू अतिनील उजेडात चमकतात. रायगडात तिचा आणखी एक उपयोग आहे, तो मात्र फारसा कोणी करत नाही. विंचू या उजेडात हिरवट-निळा चमकतो. महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात १९७०च्या दशकात आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने दगावणारी माणसे पाहिली, त्यावर वर्षानुवर्षे संशोधन केले आणि प्राझोसिन हे औषध वापरून मृत्यूंचे प्रमाण फार खाली आणले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. लाल विंचू आजही जिल्ह्यात आहे, गोवऱ्यांत, कौलांत, दारातल्या चपलांत. जांभळी बॅटरी घेऊन रात्री पडवीचा कोपरा, लाकडांचा ढीग आणि चपला एकदा बघायला मिनिटभर लागते. उजेड कोणाच्या डोळ्यांवर मारू नये. आणि नुकतीच कात टाकलेला विंचू कवच कडक होईपर्यंत चमकत नाही, म्हणून तोच कोपरा पांढऱ्या उजेडातही बघून घ्यावा.