बोल, पण वाट अडवू नको!

नवरात्र आलं की हिंगणा रोडवरच्या हॉस्टेलांमधली पोरं-पोरी नटूनथटून गरब्याला निघतात. (बिअरसाठी 21 आणि कडक दारूसाठी 25 वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे आपली नाइटलाइफ म्हणजे गरबा नाहीतर फुटाळा!) तिथं एखादी आवडली, बोलावंसं वाटलं, त्यात गैर काही नाही. पण भाऊ, तुझं लक्ष तिच्याकडे असतं, तेव्हा तिचं घड्याळाकडे असतं. हॉस्टेलचं गेट, लोकमान्यनगरची शेवटची मेट्रो, सोबतची मैत्रीण कुठं गेली... पार्किंगच्या अंधारात ती एकटी गाडी काढत असताना गाठलंस, तर ती घाबरणारच. त्यापेक्षा खाण्याच्या स्टॉलपाशी, उजेडात, मैत्रिणींसमोर बोल. नाव सांग, दोन वाक्यं बोल. तिचा नंबर मागू नको, आपला इन्स्टा आयडी दे. पुढचं तिच्या हातात राहतं. ‘बघू’, ‘घाई आहे’ हेही नाहीच समजायचं. मित्र म्हणतील, ‘जा बे, अजून एकदा!’ नको जाऊ. नकार कळल्यावरही वारंवार मागे लागणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे. पहिल्याच खेपेला 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिच्या ऑनलाइन वावरावर पाळत ठेवणंही त्यातच येतं. आणि पोरींनो, कुणी ऐकतच नसेल तर थेट 112 लावा.