व्यालेल्या गायीची ताकद

केडगावात आपण गटाचं कर्ज काढून गाय घेतो. गाय व्याली की दूध वाढतं, पण भूक लगेच वाढत नाही. मग ती अंगावरची चरबी झिजवून दूध देते, खंगते, माजावर उशिरा येते. भाकड दिवस वाढले, तरी हप्ता थांबत नाही.

नुसत्या उसाच्या वाढ्यांवर भागत नाही. हिरवा-वाळका चारा, मक्याचा भरडा, पेंड आणि खनिज मिश्रण हवंच. शिवाय 10 लिटर दुधाच्या गायीला पहिले 3 महिने रोज 150 ते 200 ग्रॅम बायपास फॅट आंबोणात मिसळावं. ते पहिल्या पोटात न विरघळता पुढे पचतं. साधं तेल जास्त घातलं, तर चाऱ्याचं पचन बिघडतं.

मेंढ्यांना नर दाखवण्याआधी 2-3 आठवडे भरडा द्यावा. सुरुवात 50 ग्रॅमने करून 200 ग्रॅमपर्यंत हळूहळू वाढवावा. एकदम धान्य खाल्लं, तर पोटात आम्ल वाढून मेंढी दगावू शकते.

आम्ही गटात वही ठेवतो. रोजचं दूध एका बाजूला, खुराकाचा खर्च दुसऱ्या बाजूला. तुम्हीही लिहा. खुराक परवडतो की नाही, ते वहीच सांगेल.