पाय गेला, तरी वय थांबत नाही

मळणी यंत्रात हात सापडतो, मोटारसायकलच्या अपघातात पाय चिरडतो, क्वचित हाडाच्या कर्करोगामुळे तो काढावा लागतो. शस्त्रक्रियेची जखम काही आठवड्यांत भरते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींचे मन मात्र त्या वेगाने सावरत नाही. याच वयात आरशाचे वेड लागते, मित्रमैत्रिणींचे मत आईवडिलांपेक्षा मोठे वाटते. नेमके तेव्हाच स्वतःचे शरीर परके होते. चिडचिड, अबोला, शाळेला नकार हे सारे त्यातूनच येते. त्याला हट्टीपणा समजू नये.

एक गोष्ट मुले सहसा सांगत नाहीत. काढून टाकलेला पाय दुखतो, त्याची बोटे खाजतात! लोक वेड्यात काढतील या भीतीने मूल गप्प राहते. पण हे वेड नव्हे. पाय गेला तरी मेंदूतील त्याची जागा शिल्लक असते. वेदना खरी असते आणि तिच्यावर औषधे, व्यायाम असे उपचार आहेत. म्हणून पालकांनी आपणहून विचारावे.

उरलेला भाग रोज साबणाने धुऊन कोरडा करावा. गुडघ्याखाली उशी ठेवून झोपू देऊ नये, सांधा आखडतो. वाढत्या वयात कृत्रिम पायाचा साचा घट्ट होतो. लाली वा फोड दिसताच पाय काढून ठेवावा आणि तो बनविणाऱ्या केंद्रात दाखवावे.

नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी १९८१ च्या अपघातात किशोरवयात पाय गमावला. जयपूर फूट बसवून १९८४ मध्ये त्या पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्यांचे उदाहरण जरूर सांगावे, पण 'तूही तसेच कर' असा धोशा लावू नये. पडत-धडपडत एकट्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणणे, हाही मोठाच विजय आहे.

घरची माणसे मायेपोटी सगळे हातात देतात आणि मूल अधिकच परावलंबी होते. वेळ लागला तरी त्याचे काम त्यालाच करू द्यावे. शाळा लवकर सुरू करावी. मुख्याध्यापकांना भेटून वर्ग तळमजल्यावर मागावा. परीक्षेत गरजेनुसार लेखनिक व जादा वेळ मिळू शकतो. मूल महिनोन्‌महिने उदास राहिले किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, तर त्याला एकटे न सोडता ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.

आणि 'बिचारा' हा शब्द आजच घराबाहेर काढावा. जखमेपेक्षा तोच अधिक काळ सलतो.