कवींद्राचार्यांचा ठसा

आपली संशोधनसामग्री कुणाच्या हवाली करावी, असं तरुण अभ्यासक विचारतात तेव्हा मला काशीतला सतराव्या शतकातला एक ग्रंथसंग्रह आठवतो.

गोदाकाठचे कवींद्राचार्य सरस्वती काशीत स्थायिक झाले. यात्रेकरूंवरचा कर त्यांनी माफ करवून घेतला. शाहजहानने त्यांना 'सर्वविद्यानिधान' ही पदवी आणि वर्षाला २,००० रुपयांचा तनखा दिला. औरंगजेब गादीवर येताच तनखा बंद झाला. फ्रेंच प्रवासी बर्निये याने काशीत पोथ्यांनी गच्च भरलेलं दालन पाहिलं. त्याला भेटलेले पंडित म्हणजे कवींद्राचार्यच, हे पुढे भांडारकर संस्थेचे क्युरेटर प. कृ. गोडे यांनी साधार मांडलं.

कवींद्राचार्यांच्या मागे संग्रह फुटला. कितीतरी पोथ्या बिकानेरच्या अनूप संस्कृत ग्रंथालयात पोचल्या. तरी त्या आजही ओळखू येतात, कारण पोथीवर 'सर्वविद्यानिधानकवीन्द्राचार्यसरस्वतीनाम्' असा मालकीचा लेख आहे. विषयवार यादीही टिकली; १९२१ साली बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत ती छापली, नोंदी २,१९२. दालन गेलं, पण यादी आणि खूण राहिल्याने संग्रहाचा माग लागतो. संग्रह एका माणसाच्या तनख्यावर उभा होता, हे मात्र मला फार मोठं दुखणं वाटतं.

त्याच शतकात कोपरगावचे नीलकंठ चतुर्धर यांनी काशीत बसून देशोदेशींच्या महाभारताच्या प्रती जमवल्या आणि पाठ ठरवला. काम अफाट, पण कुठला पाठ कुठल्या प्रतीतून घेतला हे वाचकाला सहसा कळत नाही. पुण्याच्या चिकित्सक आवृत्तीने (१९१९ ते १९६६) ते कळवलं: प्रत्येक हस्तलिखिताला खूण आणि पानाच्या तळाशी पाठभेद. संपादकांशी मतभेद असणाऱ्यालाही त्याच सामग्रीवर स्वतःचा निर्णय करता येतो. सामग्री खुली करणं याला म्हणतात.

काशीतही पोथ्यांना संस्थेचा आसरा मिळाला. १७९१ च्या संस्कृत पाठशाळेचं ग्रंथालय १९१४ मध्ये सरस्वती भवनाच्या इमारतीत आलं आणि गोपीनाथ कविराजांनी ते सांभाळलं.

आज जनुकीय क्रम असेल तर तो जेनबँकेत किंवा फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात द्यावा. विषयाचं असं भांडार नसेल, तर सर्नने २०१३ पासून चालवलेलं झेनोडो आहे. तिथे प्रत्येक ठेवीला डीओआय, म्हणजे कायमचा क्रमांक मिळतो, आणि नवी आवृत्ती चढवली तरी जुनी जागेवर राहते. प्रकल्पाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मी भिस्त ठेवणार नाही, कारण अनुदान संपलं की सर्व्हरचं भाडं कोण भरणार? फाइल चढवताना परवाना निवडावा. सोबत साध्या मजकुराची एक टिपणफाइल हवीच: कोणत्या रकान्यात काय आहे, मोजमापाचं एकक कोणतं, रिकामी जागा म्हणजे शून्य की नोंदच नाही.