आहारातील लोह व जेवणानंतरचा चहा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. लोहाची कमतरता हे त्याचे एक प्रमुख कारण होय. बाजरी, मटकी, पालेभाज्या यांत लोह असते. परंतु वनस्पतिजन्य लोहाचे शोषण मुळातच अल्प होते. त्यात जेवणाबरोबर वा लगेच नंतर चहा घेतल्यास त्यातील टॅनिन लोहाशी संयोग पावते आणि शोषण आणखी घटते. याउलट लिंबू, आवळा, पेरू यांतील ‘क’ जीवनसत्त्व हे शोषण वाढविते. मात्र ते त्याच जेवणात हवे. उष्णतेने ते काही अंशी नष्ट होत असल्याने लिंबू शिजत्या भाजीत न पिळता ताटातच पिळावे.

चहा तासाभराने घ्यावा, ही सूचना सोपी वाटते. पण महाविद्यालयाच्या मधल्या सुट्टीत डबा व चहा एकत्रच उरकला जातो. तेथे चहा पुढील तासिकेनंतर ठेवणे, एवढाच व्यवहार्य मार्ग उरतो.