सीएनसी राउटर : विकत घ्यावा की स्वतः घडवावा?

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर झरी हे गाव आहे. अशा गावातील एखादा सुतार, किंवा सुतारकामाची हौस असलेला एखादा तरुण, पटाशीने तासन्‌तास नक्षी कोरतो आणि त्याच्या मनात येते की, संगणकाच्या आज्ञेने लाकूड कोरणारे एखादे लहानसे यंत्र आपल्याजवळ असावे. या यंत्रास सीएनसी राउटर म्हणतात. गाठीस असलेला पैसा मात्र एका हंगामाच्या शिलकीचा असतो. तो चुकीच्या ठिकाणी गेला, तर दुसरी संधी लवकर येत नाही. म्हणून असे यंत्र विकत घ्यावे की स्वतः घडवावे, या प्रश्नाचा शांतपणे विचार होणे अगत्याचे आहे.

प्रथम यंत्राचे स्वरूप पाहू. टेबलावर फळी पक्की आवळलेली असते. तिच्यावर एक आडवी तुळई असून तीवर वेगाने फिरणारे पाते, म्हणजे कारागिरांच्या भाषेतील ‘बिट’, बसविलेले असते. हे पाते पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली असे सरकते. संगणकावर काढलेले चित्र आकड्यांच्या आज्ञांत रूपांतरित होते व त्या आज्ञांबरहुकूम मोटरी फिरतात. आकड्यांच्या आज्ञेने चालणारे कापयंत्र अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९५२ साली जाहीरपणे चालवून दाखविण्यात आले. त्या काळी असे यंत्र मोठ्या कारखान्यांसच परवडण्याजोगे होते. पुढे २००९ साली सिमेन स्वाले स्कोग्सरुड या नॉर्वेच्या गृहस्थांनी ‘जीआरबीएल’ हा विनामूल्य प्रोग्राम सिद्ध केला. तो तळहातावर मावणाऱ्या स्वस्त अर्डुइनो पट्टीवर चालतो. यंत्राचा मेंदू असा सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. शरीर मात्र तितके स्वस्त झाले नाही, आणि खरी अडचण तेथेच आहे.

लहान यंत्रांतील नेहमीची स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. तिला जोडलेला आटेदार दांडा एका फेऱ्यात पाते ५ मिलिमीटर सरकवीत असेल, तर एका पावलास सरकणे होते अवघे ०.०२५ मिलिमीटर. लाकडाच्या कामास एवढी बारकाई पुरून उरते. मग स्वस्त यंत्राची नक्षी पुष्कळदा ओबडधोबड का निघते? दोष बहुधा सांगाड्याचा असतो. पाते लाकडात शिरले की त्याचा दाब तुळईवर येतो व ती लवते. तीच तुळई आणि तोच दाब ठेवून दोन आधारांमधील अंतर दुप्पट केले, तर लवणे दुप्पट होत नाही, आठपट होते. शिवाय त्याच आकाराची अल्युमिनियमची तुळई पोलादी तुळईपेक्षा सुमारे तिप्पट लवते. यावरून एक नियम निघतो : ज्याची पुंजी बेताची, त्याने मोठ्या आकाराचा मोह सोडावा आणि पैसा ताठ सांगाड्यात घालावा.

आता खरेदीचा पक्ष. बाजारात ‘३०१८’ या नावाने मिळणाऱ्या यंत्राचे कामाचे क्षेत्र सुमारे ३०० गुणिले १८० मिलिमीटर असते. नावाच्या पाट्या, खेळणी, लहान देव्हाऱ्याची नक्षी एवढ्यास ते उपयोगी पडते व थोड्याच दिवसांत काम देऊ लागते. दरवाजाचे तावदान मात्र त्यावर होणार नाही. घेताना किमतीइतकीच आणखी एक चौकशी करावी : मोटर, पट्टी व दांडा हे भाग सर्वत्र मिळणारे आहेत, की त्याच विक्रेत्याकडून आणावे लागतात? दुरुस्तीसाठी यंत्र दूरच्या शहरी पाठवावे लागत असेल, तर हमीपत्राचा उपयोग थोडाच.

घडविण्याच्या पक्षात आकार आपल्या गरजेचा ठेवता येतो आणि बिघाड कोठे झाला हे स्वतःस कळते. पण आरंभीच्या हिशेबात तारा, बिट, शिकंजे, धूळ ओढण्याची सोय आणि चुकून दुसऱ्यांदा घ्यावे लागणारे सामान यांची रक्कम सहसा धरलेली नसते. लाकडाची धूळ दीर्घकाळ श्वासात जाणे कर्करोगास कारण होऊ शकते, म्हणून धुळीच्या सोयीत काटकसर करू नये.

या दोहोंमध्ये एक तिसरी वाट आहे. मोटरी, आटेदार दांडे, सरकपट्ट्या व पट्टी विकत आणावी, आणि सांगाडा पोलादी चौकोनी नळ्यांचा गावाजवळच करून घ्यावा. वेल्डिंगचा सांधा थंड होताना आकसतो व चौकट गुण्यातून सुटते. म्हणून नट-बोल्टांनी आवळलेली, पुन्हा सोडवून नीट लावता येणारी चौकट बरी.

विजेचाही विचार हवा. साध्या स्टेपर मोटरीस आपण कोठे आहोत हे कळत नाही. ती केवळ पावले मोजते. काम अर्ध्यावर असता वीज गेली, तर मोजणी हरवते व फळी वाया जाते. प्रत्येक दिशेच्या टोकास एक स्विच बसविला, तर वीज आल्यावर यंत्र त्यास टेकून आपले मूळ ठिकाण पुन्हा शोधते. ही सोय स्वस्त आहे. विकतच्या यंत्रातही ती आहे की नाही ते पाहावे.

पैसा खर्चण्यापूर्वी असे यंत्र प्रत्यक्ष हाताळणे सर्वांत हिताचे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापिला. ‘हाताने करीत शिकावे’ हे त्याचे सूत्र असून २००२ साली मॅसॅच्युसेट्सच्या त्याच संस्थेच्या सहकार्याने तेथे फॅब लॅब ही कार्यशाळा उभी राहिली. संगणकाने चालणारी यंत्रे खेड्यातील मुलांच्या हाती देता येतात, हे त्या प्रयोगाने दाखविले. अशा कार्यशाळेत दोन दिवस घालविले, तर आपणास यंत्राची हौस आहे की यंत्राने होणाऱ्या कामाची, हे स्वतःशीच उलगडते.

ज्यास पुढच्या महिन्यापासून गिऱ्हाइकाचे काम करून द्यावयाचे आहे, त्याने लहान पण ताठ यंत्र विकत घ्यावे. ज्यास वेळ आहे व शिकण्याची चिकाटी आहे, त्याने घडवावे. मात्र यंत्र बंद पडेल त्या दिवशी ते उघडून नीट कोण करणार, याचे उत्तर दोघांनीही आधी शोधून ठेवावे.