रिपोर्टमध्ये 'मेड्युला' लिहिलंय, म्हणजे नेमकं काय? किडनी, मेंदू आणि अ‍ॅड्रिनलमधल्या 'गाभ्या'ची गोष्ट

पोटाची सोनोग्राफी केली की रिपोर्टमध्ये किडनीच्या रकान्यात बहुतेक वेळा एक ओळ असते : 'कॉर्टिकोमेड्युलरी डिफरन्शिएशन मेंटेन्ड'. काही ठिकाणी नुसतंच 'सीएमडी मेंटेन्ड' लिहितात. मग हा रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर जातो आणि प्रश्न सुरू होतात. हा आजार आहे का? मेड्युला तर मेंदूत असतो ना, मग किडनीत कुठून आला?

आधी सरळ उत्तर. 'मेंटेन्ड' लिहिलं असेल तर ती चांगली गोष्ट आहे. किडनीचा बाहेरचा आणि आतला थर सोनोग्राफीत वेगवेगळा ओळखू येतोय, एवढाच त्याचा अर्थ. 'लॉस्ट' किंवा 'पुअर' लिहिलं असेल तर किडनीच्या जुनाट आजाराची शक्यता तपासावी लागते. पण एका ओळीवरून निदान होत नाही. क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी सोबत बघावी लागते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र जरा मोठं आहे.

मेड्युला हा एकच अवयव नाही

मेड्युला हा लॅटिन शब्द. अर्थ गाभा किंवा मज्जा. त्याच्या जोडीला येणारा कॉर्टेक्स म्हणजे साल. ज्या अवयवात बाहेरचा आणि आतला भाग वेगळा दिसला, तिथे शरीररचनाशास्त्रज्ञांनी हीच जोडी वापरली. त्यामुळे किडनी, अ‍ॅड्रिनल ग्रंथी, थायमस, लसीकाग्रंथी, अंडाशय, इतकंच काय, केसालाही मेड्युला असतो.

मेंदूतला मेड्युला ऑब्लाँगाटा म्हणजे शाळेच्या पुस्तकातला 'मस्तिष्कपुच्छ'. त्यामुळे रिपोर्टमध्ये मेड्युला दिसला की आधी तो कोणत्या अवयवाचा आहे ते बघायचं. नाव सारखं असलं तरी कामं पूर्ण वेगळी आहेत.

किडनी : कमी ऑक्सिजनवर चालणारा भाग

दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. लघवी होते ती साधारण दीड-दोन लिटर. बाकीचं पाणी शरीर परत घेतं. यातलं बरंचसं काम बाहेरच्या कॉर्टेक्समध्येच उरकतं. लघवी किती घट्ट करायची, हा शेवटचा हिशेब मात्र मेड्युलात होतो.

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं. किडनीचा मेड्युला साधारण याच तत्त्वावर चालतो. पिरॅमिडच्या आकाराच्या या भागात जसजसं आत जावं तसतसं क्षारांचं प्रमाण वाढतं आणि नलिकांमधलं पाणी बाहेर खेचलं जातं. गरज पडली तर लघवी रक्ताच्या चौपट घट्ट होऊ शकते. म्हणून उन्हात तासन् तास पाणी न पिताही माणूस तग धरतो.

याची किंमत मेड्युला मोजतो. क्षारांची ही रचना टिकवायची तर तिथून रक्त हळूच वाहायला हवं, नाहीतर क्षार वाहून जातील. त्यामुळे किडनीला मिळणाऱ्या रक्ताचा थोडाच वाटा मेड्युलापर्यंत पोहोचतो. एरवीही हा भाग ऑक्सिजनच्या टंचाईतच काम करत असतो.

इथेच पेनकिलरचा प्रश्न येतो. मेड्युलाच्या रक्तवाहिन्या खुल्या ठेवण्यात प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांचा मोठा वाटा असतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या हीच रसायनं कमी करतात. दुखणं थांबतं ते त्यामुळेच, पण मेड्युलाचा रक्तपुरवठाही घटतो. निरोगी माणसाने डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन दिवस गोळी घेतली तर सहसा बिघडत नाही. पण जुलाब-उलट्यांनी शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना, डायबेटिस किंवा आधीचा किडनीविकार असताना, किंवा महिनोन् महिने स्वतःच्या मनाने गोळ्या घेतल्या तर धोका वाढतो. पिरॅमिडचं टोक मृत होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. याला पॅपिलरी नेक्रोसिस म्हणतात.

सिकलसेलचा फटकाही इथेच लवकर बसतो. कमी ऑक्सिजन आणि जास्त क्षार, ही मेड्युलातली परिस्थिती लाल पेशींना विळ्याचा आकार घ्यायला भाग पाडते. बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. मग लघवी घट्ट करण्याची क्षमता कमी होते. मूल वारंवार लघवीला जातं, मोठं झाल्यावरही अंथरूण ओलं करतं, कधी लघवीतून रक्त जातं. विदर्भ आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. तिथे अशा मुलाला 'आळशी' म्हणून रागवण्याआधी रक्ततपासणी करून घेणं जास्त गरजेचं आहे.

मेंदू : तीन सेंटिमीटरवर उभा असलेला श्वास

मेंदू जिथे संपतो आणि मज्जारज्जू सुरू होतो, तिथला जेमतेम ३ सेंटिमीटरचा भाग म्हणजे मेड्युला ऑब्लाँगाटा. श्वासाची लय इथे ठरते. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब इथून सांभाळले जातात. गिळणं, खोकणं, शिंकणं आणि उलटी यांचं नियंत्रणही इथेच.

हा भाग बंद पडला तर काय होतं, ते १९५२ मध्ये कोपनहेगनने पाहिलं. पोलिओच्या साथीत अनेक रुग्णांच्या मेड्युलावरच विषाणूने हल्ला केला. गिळणं आणि श्वास दोन्ही बिघडलं. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी घशाला छेद देऊन नळी घालण्याचा आणि रबरी पिशवी हाताने दाबून श्वास देण्याचा मार्ग सुचवला. सुमारे १,५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून पिशव्या दाबत बसले. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथली मानली जाते.

आज जास्त काळजी आहे ती स्ट्रोकची. मेड्युलाच्या बाजूच्या भागाचा रक्तपुरवठा तुटला तर वॉलेनबर्ग सिंड्रोम होतो. यात हात-पाय सहसा लुळे पडत नाहीत. अचानक गरगरतं, तोल जातो, गिळताना ठसका लागतो, आवाज घोगरा होतो, उचकी थांबत नाही. चेहऱ्याच्या एका बाजूला आणि शरीराच्या दुसऱ्या बाजूला गरम-गार कळेनासं होतं. तोंड वाकडं नाही, हात उचलता येतोय, म्हणजे स्ट्रोक नाही असं समजून घरचे पित्ताची गोळी देतात आणि उपचारांची वेळ निघून जाते.

अवयवदानाचा निर्णयही मेड्युलाशी जोडलेला आहे. भारतात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मस्तिष्कस्तंभ मृत्यूला मान्यता दिली. यात व्हेंटिलेटर काही वेळ बाजूला ठेवून, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर रुग्ण स्वतः श्वास घेतो का ते तपासतात. म्हणजे परीक्षा मेड्युलाचीच. चार डॉक्टरांच्या मंडळाकडून, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा या तपासण्या व्हाव्या लागतात. व्हेंटिलेटरमुळे छाती हलते, हृदय काही काळ चालतं, म्हणून नातेवाइकांना हे स्वीकारणं जड जातं. कोमातला रुग्ण आणि मस्तिष्कस्तंभ मृत व्यक्ती यांत फरक आहे. कोमातून माणूस परत येऊ शकतो, यातून नाही.

अ‍ॅड्रिनल : घाबरण्याची यंत्रणा

दोन्ही किडन्यांच्या वर टोपीसारख्या बसलेल्या या ग्रंथींचा गाभा अ‍ॅड्रिनलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन तयार करतो. समोर अचानक कुत्रा आला की छाती धडधडते, तळहाताला घाम येतो, ते यामुळेच.

या गाभ्यात फिओक्रोमोसायटोमा नावाची दुर्मिळ गाठ झाली तर कुत्रा नसतानाही तेच घडतं. डोकेदुखी, घाम आणि धडधड यांचे झटके येतात, बीपी एकदम चढतं आणि उतरतं. बऱ्याचदा याला टेन्शन किंवा पॅनिक अटॅक समजलं जातं. रक्तातल्या किंवा २४ तासांच्या लघवीतल्या मेटानेफ्रिनच्या तपासणीतून याचा छडा लागतो. ऑपरेशनआधी ठरावीक औषधांनी बीपी आटोक्यात आणावं लागतं. बहुतेक रुग्ण गाठ काढल्यावर बरे होतात.

लहान मुलांमध्ये न्यूरोब्लास्टोमा हा कर्करोगही अनेकदा इथेच सुरू होतो. पाच वर्षांखालच्या मुलाच्या पोटात गाठ लागली तर वेळ घालवू नये.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

अचानक गरगरणं आणि सोबत गिळायला त्रास, आवाजात बदल किंवा चालताना तोल जाणं : ताबडतोब, स्ट्रोकचे उपचार असलेल्या हॉस्पिटलमध्ये.

लघवीतून रक्त, किंवा पेनकिलर सुरू असताना लघवी कमी होणं : त्याच दिवशी.

डोकेदुखी, घाम आणि धडधडीचे वारंवार झटके : झटका आलेला असताना बीपी मोजून त्याची नोंद सोबत न्यावी.

आणि रिपोर्टमध्ये फक्त 'सीएमडी मेंटेन्ड' असेल, तर त्या ओळीची काळजी करायचं कारण नाही.